कुटुंबगाथा (कादंबरीप्रकार)

कुटुंबगाथा म्हणजे एकाच घराण्याच्या अनेक पिढ्यांची कथा सलगपणे सांगणारी दीर्घ कादंबरी. तिचा कालपट सामान्यतः काही दशकांपासून शतकापर्यंत, क्वचित त्याहूनही मोठा असतो. एका नायकाचा उदय किंवा नाश हा अशा कादंबरीचा मुख्य विषय नसून घराण्याची वाढ, फूट, ऱ्हास आणि स्थलांतर हा असतो. मराठीत या प्रकारासाठी एकच रूढ संज्ञा नाही. कुटुंबगाथा, कुलगाथा, बृहद्कादंबरी, महाकादंबरी हे शब्द कमीअधिक समानार्थाने वापरले जातात. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) आणि रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) ही मराठीतील या प्रकाराची ठळक उदाहरणे होत.

स्वरूप

कुटुंबगाथेत पुढील वैशिष्ट्ये सहसा आढळतात :

• किमान तीन पिढ्यांचे चित्रण. एका पिढीने घेतलेला निर्णय पुढच्या पिढीला भोगावा लागतो, हे कथानकाचे मुख्य सूत्र असते.
• घर, वाडा, शेत किंवा नदी यांसारखे एक स्थिर केंद्र. माणसे बदलतात, जागा राहते. किंवा शेवटी जागाही जाते.
• मालमत्तेचा, मानाचा किंवा वारसाचा वाद.
• सार्वजनिक इतिहास आणि घरगुती घटना यांची सांगड.
• पात्रांची मोठी संख्या. त्यामुळे अनेक पुस्तकांच्या आरंभी वंशावळ छापलेली असते.

केवळ पृष्ठसंख्या मोठी असल्याने कादंबरी कुटुंबगाथा ठरत नाही. उद्धव ज. शेळके यांची 'धग' (१९६०) एका गरीब वैदर्भीय कुटुंबाची असूनही मुख्यतः कौतिक या एका स्त्रीच्या झगड्यावर केंद्रित आहे. गो. नी. दांडेकर यांची 'पडघवली' (१९५५) कोकणातील एका गावाची पडझड सांगते. या दोन्ही कादंबऱ्या कुटुंबगाथेच्या शेजारच्या मानता येतील.

पूर्वपीठिका

घराण्याचा वृत्तांत जपण्याची परंपरा महाराष्ट्रात कादंबरीच्या कितीतरी आधीपासून आहे. वतनाच्या तंट्यात पक्षकार आपल्या घराण्याची हकिकत 'करीना' म्हणून लिहून देत, तर निवाड्याचा दस्तऐवज 'महजर' म्हणून ओळखला जाई. नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आढळतात. दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगाव परिसरात हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून शेतकरी घराण्यांच्या वंशावळी सांगत व लिहून ठेवत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. पठारे यांच्या कादंबरीचे शीर्षक याच ग्रंथप्रकाराची आठवण करून देते.

मराठी कादंबरीचा आरंभ बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून मानला जातो. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. एकत्र कुटुंबातील दैनंदिन जीवन हा मराठी कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे तिने दाखवून दिले. मात्र तिचा कालपट एका स्त्रीच्या आयुष्यापुरता आहे.

जागतिक व भारतीय संदर्भ

पाश्चात्त्य समीक्षेत या प्रकारासाठी वापरला जाणारा 'सागा' हा शब्द मूळ आइसलँडचा. तेथे तेराव्या शतकाच्या आसपास लिहिल्या गेलेल्या गद्यकथांत वसाहतकार कुटुंबांची वैरे आणि वंशपरंपरा वर्णिलेली आहे. आधुनिक काळात फ्रेंच लेखक एमिल झोला याने १८७१ ते १८९३ या काळात रुगों-माकार घराण्यावर वीस कादंबऱ्यांची मालिका लिहिली. टॉमस मान याची 'बुडेनब्रूक्स' (१९०१) ही जर्मन व्यापारी घराण्याच्या ऱ्हासाची, तर जॉन गॉल्सवर्दी याची 'फोरसाइट सागा' ही इंग्लिश मालमत्तादार वर्गाची कथा आहे. इजिप्तमध्ये नगीब महफूझ याची कैरो-त्रयी (१९५६–५७) आणि कोलंबियाच्या गाब्रिएल गार्सिया मार्केझ याची बुएंदिया घराण्यावरील कादंबरी (१९६७) यांनी हा प्रकार युरोपबाहेर नव्या रूपात रुजवला.

भारतीय भाषांत आशापूर्णा देवी यांची 'प्रथम प्रतिश्रुति' (१९६४), 'सुवर्णलता' (१९६७) आणि 'बकुलकथा' (१९७४) ही बंगाली त्रयी विशेष महत्त्वाची आहे. तिच्यात घराण्याचा धागा पित्याकडून पुत्राकडे जात नाही. तो आईकडून मुलीकडे जातो. मल्याळममध्ये तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'कयर' (१९७८) कुट्टनाडच्या अनेक पिढ्यांचे जीवन मांडते.

मराठी वाचकांना या प्रकाराची ओळख अनुवादांतूनही झाली. एस. एल. भैरप्पा यांची कन्नड कादंबरी 'वंशवृक्ष' (१९६५) उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली. वंशशुद्धीवर अढळ श्रद्धा असलेल्या श्रीनिवास श्रोत्रियांना उतारवयात आपल्या स्वतःच्या जन्माचे सत्य कळते आणि ज्या वंशासाठी आयुष्यभर नियम पाळले, त्याचा आधारच निसटतो.

मराठीतील प्रमुख कृती

तुंबाडचे खोत

श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. 'हद्दपार', 'गारंबीचा बापू', 'रथचक्र' या कादंबऱ्यांमुळे ते कोकणच्या प्रदेशाचे कादंबरीकार म्हणून ओळखले जात होते. 'रथचक्र'ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या सुमारास प्रसिद्ध झालेली 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची, हजारांहून अधिक पृष्ठांची कादंबरी आहे. जगबुडी नदीच्या काठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उत्कर्ष आणि अधःपात तिच्यात येतो.

कादंबरीचे महत्त्व समजण्यासाठी खोती म्हणजे काय हे माहीत असणे आवश्यक आहे. खोत हा सरकार आणि शेतकरी यांमधील मध्यस्थ असे. तो सारा वसूल करून सरकारजमा करी आणि गावावर त्याची सत्ता चाले. कुळांना त्याच्या मर्जीवर जगावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. खोत घराण्यातील क्रौर्य, विलास, क्वचित दिसणारे औदार्य आणि अखेरची पडझड या सर्वांमागे ही व्यवस्था उभी आहे.

२०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाचे नाव या कादंबरीवरून घेतलेले असले, तरी त्याची कथा स्वतंत्र आहे.

हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ

भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव वडिलांच्या अखेरच्या आजारपणामुळे खानदेशातील मोरगाव या आपल्या गावी परततो. घरच्या, गावच्या आणि संस्कृतीच्या आठवणींचे थर उत्खननासारखे उलगडत जातात. काळ सरळ रेषेत पुढे सरकत नसल्यामुळे ही पारंपरिक अर्थाने कुटुंबगाथा नव्हे. परंतु शेतकरी कुटुंबातील वारसाचा प्रश्न तिच्या मध्यभागी आहे.

सातपाटील कुलवृत्तांत

रंगनाथ पठारे यांनी यापूर्वी 'ताम्रपट' (१९९४) या बृहद्कादंबरीत १९४२ ते १९७९ या काळातील राजकीय-सामाजिक जीवन रेखाटले होते. तिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'सातपाटील कुलवृत्तांत'मध्ये ते एका मराठा घराण्याचा सुमारे सातशे वर्षांचा प्रवास कल्पनेने उभा करतात. जिथे कागदपत्रे नाहीत, तिथे कादंबरीकाराने कुलवृत्तांत रचावा, ही तिची भूमिका. घराण्याच्या 'शुद्ध' उगमाविषयीच्या समजुतींना ती सतत छेद देते.

नाटक

महेश एलकुंचवार यांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाट्यत्रयी रंगभूमीवरील कुटुंबगाथा मानली जाते. विदर्भातील धरणगावकर देशपांडे यांच्या वाड्यात तात्यांच्या मृत्यूनंतर ती सुरू होते. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि सारखी वेळ विचारणारी दादी यांतून थांबलेला काळ प्रत्ययास येतो.

वाचनानुभव

दीर्घ कुटुंबगाथा वाचण्यास आठवडे, कधी महिने लागतात. या दीर्घत्वातूनच तिचा विशेष आनंद निर्माण होतो, तो पुढीलप्रमाणे सांगता येईल.

काळाचा प्रत्यय : पहिल्या भागात रांगणारे मूल शेवटच्या भागात काठी टेकत चालते, आणि मधला सर्व काळ वाचकाने त्याच्यासोबत घालवलेला असतो. वृद्ध पात्राच्या एखाद्या हट्टाचे मूळ त्याच्या बालपणात आहे, हे घरातील तरुणांना ठाऊक नसते. वाचकाला ठाऊक असते. कुटुंबातील सर्वांत जुना साक्षीदार होण्याचा हा अनुभव लघुकादंबरीत सहसा मिळत नाही.

नावांची पुनरावृत्ती : नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची महाराष्ट्रीय प्रथा कुटुंबगाथेत अर्थपूर्ण होते. सुरुवातीला नावांचा गोंधळ उडतो आणि वाचक वंशावळीचे पान पुन्हापुन्हा उघडतो. पुढे त्याच नावाचा नवा माणूस जुन्याची चूक पुन्हा करतो की टाळतो, याची उत्सुकता वाढते. दादा, नाना, ताई, काकू ही संबोधने पिढीगणिक एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. कालची नवी सून आजची 'मोठी आई' होते.

वस्तूंचे आयुष्य : नाव घातलेले तांब्याचे हंडे, देव्हारा, पाटल्या, माजघरातील झोपाळा, परसातील विहीर यांच्या हस्तांतरातून घराचा इतिहास कळतो. पाटल्या गहाण पडल्याचा एक उल्लेख दहा पानांच्या वर्णनाचे काम करतो.

इतिहासाची घरगुती बाजू : १८९६ नंतरचा प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, १९४८ चा कूळकायदा, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप या घटना पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतात. कुटुंबगाथेत त्या स्वयंपाकघरातून दिसतात : कोण उपाशी राहिले, कोणाची शाळा सुटली, कोण मुंबईला गेले.

निवाडा लांबणीवर पडणे : एका पिढीत खलनायक वाटलेला माणूस पुढच्या पिढीत केविलवाणा दिसू लागतो. एवढ्या मोठ्या कालपटात कोणाविषयीचे पहिले मत सहसा टिकत नाही. पुनर्वाचनात वाचकाचे वय बदललेले असल्याने त्याची सहानुभूती मुलाकडून बापाकडे, किंवा सुनेकडून सासूकडे सरकू शकते.

वंशावळीतील गाळलेल्या जागा

कुटुंबगाथेवरील गंभीर आक्षेप असा की, वंशावळ ज्यांच्याकडे जमीन, वतन आणि लेखणी होती त्यांचीच राहिली. खोत, देशमुख, पाटील यांची घराणी कागदावर सापडतात. त्यांच्या कुळांची, बलुतेदारांची आणि गावकुसाबाहेरच्या माणसांची सापडत नाहीत. ही पोकळी मराठीत मुख्यतः आत्मकथनांनी भरून काढली. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) यांत एका माणसाबरोबर कुटुंबाची आणि समाजाची वाटचाल येते. आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) पासूनची आत्मचरित्रमाला गरीब शेतकरी कुटुंबाचा दीर्घ वृत्तांत देते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये तर बापाचे नाव सांगता न येणे हाच जगण्याचा प्रश्न आहे. वंशावळ हा वाचनाचा आनंद असतो, तशीच ती कोणाला तरी बाहेर ठेवणारी भिंतही असते, हे या कृतींमुळे स्पष्ट झाले.

दुसरी गाळलेली जागा स्त्रियांची. पारंपरिक वंशावळीत मुली बहुधा नोंदल्या जात नाहीत, आणि सुनांचे माहेरचे नाव पुसले जाते. वास्तवात हा केवळ नोंदीचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या कायदादुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क मिळाला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची रीत चालू राहिली.

पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. इंद्रायणीकाठच्या देहूलगतचे तळवडे हे शेतीचे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पुढे तेथे माहिती-तंत्रज्ञान कंपन्याही उभ्या राहिल्या. भोसरी ते चाकण या टापूत आजोबा शेतकरी, वडील कारखान्यातील कामगार आणि नात संगणक अभियंता, असा प्रवास एका घरात तीन पिढ्यांत घडू शकतो. सातबारा उतारा, फेरफार, वारसनोंद आणि वाटणीपत्र ही अशा घरांची खरी वंशावळ होय. कोणाचे नाव लागले, कोणाचे कमी झाले आणि कोणत्या वर्षी, हे त्यात दोन ओळींत असते. त्या दोन ओळींमागे घरात काय घडले, हे सांगणे हाच कुटुंबगाथेचा विषय आहे.

हेही पहा

• मराठी कादंबरी
• प्रादेशिक कादंबरी
• श्री. ना. पेंडसे
• रंगनाथ पठारे
• वाडा चिरेबंदी
• दलित आत्मकथने
• खोती पद्धत