नौगावचा गांजा, १८९३ चा आयोग आणि झाड लावण्याचा हक्क

नशा देणारी वनस्पती कोणी लावावी, किती लावावी आणि तिच्या परिणामांची जबाबदारी कोणाची, हा वाद आजचा वाटतो. प्रत्यक्षात १३० वर्षांपूर्वी त्यावर सात खंडांचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला होता, आणि त्याचे निष्कर्ष आजही अनेकांना चकित करतात.

मार्च १८९३. ब्रिटिश संसदेचे सभासद डब्ल्यू. एस. केन हे मद्यपानविरोधी चळवळीतले कडवे कार्यकर्ते. हिंदुस्थानात, विशेषतः बंगालमध्ये, सरकारच्या परवान्याने गांजा पिकतो व विकला जातो, त्याचे समाजावर व नीतीवर काय परिणाम होतात, याची चौकशी करावी, अशी मागणी त्यांनी कॉमन्स सभेत मांडली. वेड्यांच्या इस्पितळांतील कित्येक रुग्ण गांजामुळेच वेडे झाले, अशी समजूत त्या काळी दृढ होती. त्याच वर्षी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

आयोगाच्या आधी एक फेरी गांजाच्या शेताला मारायला हवी, कारण सारा कायदा त्या शेतातूनच उगवला आहे.

बंगालमधील नौगाव (आजच्या बांगलादेशात) हा परवानाधारक गांजाशेतीचा प्रदेश. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर चिकट राळ जमते. नशा तिच्यातच असते. नराचा पराग लागला की फुलोऱ्यात बी धरते आणि मालाची किंमत पडते. म्हणून फुलोरा धरण्याआधी नर झाडे उपटून टाकावी लागत. ती ओळखण्यासाठी एक स्वतंत्र जाणकार असे. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. शेतकऱ्याने वर्षभर राबावे आणि पोद्दाराची नजर चुकलेल्या दोनचार नरांनी पीक नासवावे, असा हा व्यवसाय. एकाच्या शेतातला दुर्लक्षित नर शेजाऱ्याचेही नुकसान करी.

या शेतकऱ्याचे स्वातंत्र्य मात्र बेताचेच होते. लागवडीला परवाना लागे, तयार माल सरकारी देखरेखीखालील गोदामात जाई, तेथून घाऊक व्यापारी कर भरून उचलत, आणि किरकोळ विक्रीचे परवाने लिलावात जात. सरकार एका हाताने या पिकाला अनिष्ट म्हणे आणि दुसऱ्या हाताने त्याचा महसूल मोजी. केन यांच्या टीकेचा रोख नेमका या विसंगतीवर होता, आणि तेवढ्यापुरती ती टीका रास्त होती.

आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत डॉक्टर, जिल्हाधिकारी, शेतकरी, व्यापारी, मिशनरी असे सर्व थर होते. मुंबईहून जे. एम. कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर लिहिलेले टिपण अहवालात समाविष्ट झाले. शिवपूजेत, साधूंच्या परंपरेत आणि होळीसारख्या सणांत भांगेला असलेले स्थान त्यातून सरकारदरबारी नोंदले गेले.

सर्वांत मोलाचे काम मात्र वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांवर झाले. रुग्ण दाखल होताना ‘वेडाचे कारण’ असा रकाना भरावा लागे, आणि तो बहुधा पोलिसांनी दिलेल्या माहितीवरून भरला जाई. नातेवाईक सापडत नसत, रुग्णाला बोलता येत नसे. मग रकान्यात ‘गांजा’ लिहून काम उरके. आयोगाने १८९२ मधील अशी २२२ प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली. त्यांपैकी ९८ प्रकरणांतच गांजाचा काही संबंध मान्य करण्याजोगा ठरला, आणि त्यांतही काहींत इतर कारणे मिसळलेली होती. वर्षानुवर्षे पुरावा म्हणून दाखवलेली आकडेवारी अशी अर्ध्याहून अधिक ढासळली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सरकारी आकड्यांकडे कसे पाहावे, याचा याहून चांगला धडा विरळाच.

१८९४ चा निष्कर्ष असा: माफक सेवनाने सहसा लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. संपूर्ण बंदी अनावश्यक. कारण हिमालयाच्या पायथ्याशी ही वनस्पती रानोमाळ आपोआप वाढते, बंदीसाठी पोलिसांना घराघरांत शिरावे लागेल, त्यातून लाच व छळ वाढेल आणि लोक धोत्र्यासारख्या अधिक घातक पदार्थांकडे वळतील. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांना हे पूर्णतः पटले नाही. त्यांनी भिन्नमत नोंदवले. गोरे सत्ताधारी बंदीवादी आणि हिंदी सभासद परंपरेचे रक्षक, अशी सोपी वाटणी येथे लागू पडत नाही.

या उदार भासणाऱ्या अहवालाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. सेवनाला मोकळीक देताना त्याने लागवडीचा फास आवळला: परवान्याशिवाय लागवड नको, परवाने थोड्या ठराविक प्रदेशांतच, जेणेकरून देखरेख सोपी व्हावी आणि कर बुडू नये. परसात दोन झाडे लावणारा माणूस या गणितात सर्वांत आधी गुन्हेगार ठरत होता. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यातही हे पीक होते. पिणाऱ्याचा विचार सहानुभूतीने झाला. पिकवणारा केवळ महसुलाचा प्रश्न म्हणून उरला.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावर बेतली गेली. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया तिच्याबाहेर राहिल्या. भारताच्या १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानेही तीच व्याख्या उचलली, म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने आजही दिसतात. झाडाच्या बाबतीत मात्र कायदा कठोर आहे. विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलम २० झाड एक की एक एकर हा भेद करत नाही. पाने व्याख्येबाहेर आणि झाड गुन्ह्यात, ही गुंतागुंत आजही कायम आहे.

याच कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गावात अशी लागवड आढळल्यास पोलिसांना वा अधिकाऱ्यांना तत्काळ कळवणे सरपंच, पंच आणि ग्रामाधिकारी यांचे कर्तव्य आहे. शेतात फिरून झाड ओळखणारी पोद्दाराची नजर आता त्यांच्याकडून अपेक्षित आहे. फक्त ती नरमादीचा भेद करत नाही.