डॉ. कोटणीस यांचा चीनमधील विवाह आणि छायाचित्रांची साक्ष

(१)

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या टापूंत गेल्या साठ-सत्तर वर्षांत कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागून देशावरच्या व कोंकणांतल्या अनेक कुटुंबांनीं आपलें बिऱ्हाड इकडे आणलें. या कुटुंबांच्या ट्रंकांत मोडी दप्तरें क्वचितच सांपडतात. जुनीं छायाचित्रें मात्र सांपडतात. चिंचवडच्या देवांच्या सनदापत्रांस आपण जें महत्त्व देतों, त्याचा शतांशहि या छायाचित्रांच्या वांट्यास येत नाहीं. वाडा पाडतेवेळीं कागदांचा रुमाल निदान कोणा संशोधकास दाखविला जातो. छायाचित्रें कागदांतून वेगळीं काढून रद्दींत जातात. याचें कारण उघड आहे. कागद स्वतः बोलतो, त्यावर तिथि व नांव असतें. छायाचित्र पाहणारास सर्व कांहीं दिसतें, परंतु तें कोणाचें, कोठलें व केव्हांचें हें त्यांत लिहिलेलें नसतें. तेव्हां छायाचित्रास अस्सल पत्राप्रमाणें पुरावा मानतां येईल काय, आणि येत असल्यास त्याची पारख कशी करावी, या प्रश्नाचा विचार एका परिचित महाराष्ट्रीय गृहस्थाच्या चरित्रावरून येथें करावयाचा आहे. हे गृहस्थ म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांचा जन्म १० आक्टोबर १९१० चा, म्हणजे पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें त्याच सालचा.

(२)

चीनमधील विवाहांचीं व नित्यजीवनाचीं जुनीं छायाचित्रें जगांतील संग्रहांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील मोठा भाग ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं घेतलेला वा घेवविलेला आहे. या प्रकाराशीं महाराष्ट्राचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डानें १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें दिलें आणि ज्याच्या मराठी मिशननें १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ सुरू केला, त्याच बोर्डानें १८८० नंतर उत्तर चीनच्या शान्सी प्रांतांत आपलें काम आरंभिलें. दोन्ही मिशनांचें मूळ दप्तर आज अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयांत एकाच छपराखालीं आहे. नगरच्या इतिहासाचा अभ्यासक तेथें गेला तर शान्सीचे कागदहि त्याच्या हाताशीं असतात.

मिशनऱ्यांचीं छायाचित्रें प्रायः वर्गणीदारांस पाठविण्यासाठीं असत. ज्यांनीं तो देश कधीं पाहिला नाहीं अशांस तीं दाखवावयाचीं, म्हणून स्थळ, वर्ष व माणसांचीं नांवें लिहून देण्याची गरज पडे. त्यामुळें त्यांतील अनेक आज पुराव्यास चालतात. त्यांचा हेतु प्रचाराचा होता हें खरें, परंतु हेतु ठाऊक असला म्हणजे साक्ष तोलतां येते. बखरीच्या बाबतींत आपण हेंच करतों.

डॉ. कोटणीस यांच्या पत्नी गुओ चिंग्लान या याच शान्सी प्रांतांतील फेन्‌यांगच्या. तेथें अमेरिकन बोर्डाचें ठाणें व रुग्णालय होतें. पुढें पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाशीं त्यांचा परिचारिका म्हणून संबंध आला. काळ शांततेचा असता तर मिशनच्या आवारांत, नांवें व तारीख लिहिलेलें असें त्यांच्याहि विवाहाचें छायाचित्र निघालें असतें असा तर्क करतां येतो. परंतु १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली आणि त्या पुढें आठव्या मार्ग सेनेच्या वैद्यकीय कामांत दाखल झाल्या.

(३)

डॉ. कोटणीस चीनला गेले तेहि एका मिशनबरोबरच. मात्र तें धर्मप्रसाराचें नसून वैद्यकीय होतें. चिनी सेनापति चू ते यांनीं पंडित नेहरूंस वैद्यकीय साहाय्यासाठीं पत्र लिहिलें आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतां राष्ट्रीय सभेनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. प्रमुख डॉ. अटल, सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी. पांचांपैकीं दोघे मराठी होते. १ सप्टेंबर १९३८ रोजीं ‘राजपुताना’ बोटीनें तें मुंबईहून निघालें. चुंगकिंग येथें शांतिनिकेतनचे प्राध्यापक तान युन-शान यांनीं पांचांसहि चिनी नांवें दिलीं व प्रत्येकाच्या शेवटीं ‘हुआ’ म्हणजे चीन हें अक्षर जोडलें. कोटणीसांचें नांव ‘को ती-हुआ’ झालें. चीनमध्यें असतांनाच त्यांस वडिलांच्या निधनाची वार्ता कळली; तथापि ते परत फिरले नाहींत.

पुढील क्रम असा. फेब्रुवारी १९३९ मध्यें पथक यान्‌आनला पोंचलें. चोळकर व मुकर्जी त्याच सालीं परतले. नोव्हेंबर १९३९ मध्यें अटल, बसू व कोटणीस आघाडीकडे निघाले. १९४० सालीं अटल परत आले. त्याच वर्षीं कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभांत कोटणीस व गुओ यांची प्रथम भेट झाली. १९४१ च्या आरंभीं कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. २५ नोव्हेंबर १९४१ रोजीं विवाह झाला. २३ आगस्ट १९४२ रोजीं पुत्र झाला. त्याचें नांव ‘यिन-हुआ’ म्हणजे ‘भारत-चीन’ असें ठेविलें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यानें कोटणीस वारले, वय बत्तीस. विवाहास एक वर्ष व चौदा दिवस झाले होते.

(४)

ही शकावली येथें मुद्दाम दिली आहे, कारण बिनतारखी छायाचित्रांचा काळ ठरविण्यास तिच्यासारखें साधन नाहीं.

पांचहि डॉक्टर एकत्र असलेलें छायाचित्र १९३९ च्या पुढचें असूं शकत नाहीं. आणि त्यांत यान्‌आनचा देखावा असेल तर तें फेब्रुवारी १९३९ च्या अलीकडचें. अटल, बसू व कोटणीस हे तिघेच लष्करी वेषांत असतील तर काळ सामान्यतः १९३९ चा उत्तरार्ध वा १९४० चा आरंभ धरावा. कोटणीस व बेथ्यून एकत्र असल्याची टीप कोठें आढळल्यास ती निःसंशय चुकीची मानावी. कारण बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं होपै प्रांतांत वारले, आणि त्या वेळीं कोटणीस तेथें पोंचलेच नव्हते. आईबाप व तान्हें मूल असें तिघांचें छायाचित्र असल्यास तें २३ आगस्ट ते ९ डिसेंबर १९४२ या १०८ दिवसांतीलच असलें पाहिजे. मूल बसूं लागलेलें वा उभें राहिलेलें दिसत असेल तर शेजारचा पुरुष कोटणीस नव्हे, कारण पिता वारला तेव्हां तें मूल साडेतीन महिन्यांचें होतें. गुओ चिंग्लान सोलापूरकर आप्तांसमवेत दिसतात तीं छायाचित्रें अर्थात् स्वातंत्र्यानंतरच्या त्यांच्या भारतभेटींचीं होत.

आपण पत्राचा काळ ठरवितों तो तिथिवार जुळवून, मायन्यांतील माणसें तेव्हां हयात होतीं कीं नाहीं तें पाहून. वर केलें तें याहून वेगळें नाहीं. छायाचित्रांतील माणसें हाच त्याचा मायना.

(५)

विवाहाच्या छायाचित्रांत मात्र एक अडचण आहे. मिशनच्या छायाचित्रांत वधूवरांचा पोषाख, फुलें, देवळाची पायरी यांवरून प्रसंग कळतो. सोलापूरच्या घरांत मुंडावळ्या व अंतरपाट पाहून कोणीहि सांगेल कीं हें लग्न आहे. होपै प्रांताच्या डोंगराळ खेड्यांत, शत्रूच्या वेढ्यांत, यांतील कांहींच नव्हतें. तेथें डॉक्टर, परिचारिका व सैनिक यांचा वेष एकच: सुती लष्करी कोट, थंडींत कापूस भरलेला, आणि टोपी. शस्त्रक्रियेच्या दिवशीं, वर्गांत शिकवितांना व विवाहाच्या दिवशीं अंगावर तेंच वस्त्र. म्हणून लष्करी वेषांतील या दांपत्याचें छायाचित्र पाहून तें विवाहदिनाचें असा निर्णय देतां येत नाहीं. कापूस भरलेल्या कोटावरून हिंवाळा एवढेंच ठरतें. आणि दोघांची ओळख झाल्यापासून तीन हिंवाळे त्यांस लाभले, तिसरा तर अपुराच.

यावरून छायाचित्राची मर्यादा स्पष्ट होते. वेषावरून जिचा जसा थाट होता तिचा प्रसंग ओळखतां येतो; ज्यांनीं थाट केलाच नाहीं त्यांचा विवाहदिवस व नित्याचा दिवस डोळ्यांस सारखाच दिसतो. त्यांतील भेद लेखच सांगूं शकतो. मागच्या बाजूस पेन्सिलीनें लिहिलेल्या एका तारखेनें जें काम झालें असतें तें शंभर तज्ज्ञांच्या तर्कानेंहि होणार नाहीं.

(६)

दुसरा धोका चित्रपटाचा. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं कोटणीसांचें चरित्र १९४४ सालीं इंग्रजींत लिहिलें आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. नायकाची भूमिका शांतारामांनीं स्वतः केली, चिंग्लानची जयश्री यांनीं. लोकांच्या मनांत कोटणीसांचें नांव ठसविण्याचें श्रेय या चित्रपटास निःसंशय आहे. परंतु अस्सल छायाचित्रें थोडीं, आणि बोलपटाचीं स्थिरचित्रें ठसठशीत व देखणीं. अशा ठिकाणीं नकलेनें अस्सलाची जागा घ्यावी हें नवल नव्हे. त्यांत तारीख नाहीं, वेष चिनी आहे, आणि कागद आतां ऐंशी वर्षांचा जुना झाला आहे. शिवकालीन पत्राची पेशवाईंतील नक्कल जशी जुनी असूनहि नक्कलच, तशींच हीं स्थिरचित्रें १९४६ च्या मुंबईचा पुरावा होत, १९४१ च्या होपैचा नव्हेत. संग्राहकांनीं तीं अवश्य जपावीं, पण वेगळ्या पाकिटांत.

(७)

छायाचित्रांस मोल किती, याचें उत्तर त्याच रणभूमीवर मिळतें. ज्या चिन-चा-ची सीमाप्रदेशांत कोटणीस वारले, तेथील सैन्याच्या छायाचित्रणाचा प्रमुख शा फेइ नांवाचा गृहस्थ होता. जुलै १९४२ मध्यें त्यानें तेथें एक सचित्र नियतकालिक सुरू केलें. १९४३ च्या डिसेंबरांत जपानी धाड आली तेव्हां शा फेइ व त्याचे सोबती छायाचित्रांच्या फिल्मा पाठीवर घेऊन डोंगरांतून निसटले. कित्येक सोबती मारले गेले, शा फेइचे पाय बर्फांत जायबंदी झाले, फिल्मा वांचल्या. त्या युद्धाचें जें दर्शन आज जगास घडतें त्यांतला मोठा अंश या फिल्मांमुळें.

आपणांस एवढें करावयाचें नाहीं. कोटणीसांचें स्मारक सोलापुरांत आहे व चीनमध्यें शिच्याच्वांग येथेंहि आहे. त्यांच्या चरित्रास आधार आहे. परंतु आपल्या टापूंतील हजारों कुटुंबांच्या छायाचित्रांस असा आधार नाहीं. १९६७ सालीं यिन-हुआ व २०१२ सालीं गुओ चिंग्लान निवर्तल्या. ‘हें कोणत्या दिवसाचें?’ असें विचारावें तीं माणसें उरलीं नाहींत. आपल्या घरांत तीं अजून आहेत. संग्राहकांनीं घरोघर जाऊन छायाचित्रें मागण्यापूर्वीं घरांतील वडील माणसाशेजारीं बसावें. प्रत्येकाच्या मागें मऊ पेन्सिलीनें, शाईनें नव्हे, डावीकडून उजवीकडे नांवें, स्थळ, प्रसंग व साल लिहून घ्यावें. सांगणाऱ्याचें नांव व सांगितल्याची तारीखहि लिहावी. छायाचित्रकाराचा शिक्का असल्यास पुठ्ठा कापूं नये. आणि जेथें माहिती ऐकीव असेल तेथें तसें स्पष्ट नोंदवावें. हें काम या वर्षीं झालें नाहीं तर पुढील वर्षीं सांगणारें माणूस असेलच असें नाहीं.