मेंदूचा हादरा आणि विश्रांतीचा नियम

डोक्याला मुका मार बसून मेंदू हादरतो, पण कवटी शाबूत असते आणि स्कॅनमध्येही बहुधा काही सापडत नाही. अशा दुखापतीला डॉक्टर कन्कशन म्हणतात. थेट औषध नसल्यामुळे रुग्णाला पडून राहायला सांगणे हाच इलाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

खरे तर सक्तीच्या विश्रांतीबद्दल वैद्यकात शंका जुनीच होती. 1947 मध्ये लंडनचे डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणावर पडून राहण्याचे धोके अवयवागणिक मोजून दाखवले होते. कन्कशनचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. पहिल्या माराची लक्षणे असतानाच दुसरा मार बसला तर मेंदू झपाट्याने सुजून जीव जाऊ शकतो, हा इशारा 1984 मध्ये अमेरिकेतील सॉंडर्स आणि हारबॉ यांनी दिला आणि क्रीडावैद्यकाने त्याची धास्ती घेतली. 2001 मध्ये व्हिएन्नात भरलेल्या तज्ज्ञ परिषदेने खेळाडूला टप्प्याटप्प्याने मैदानात परत आणण्याची पद्धत घालून दिली. 2004 च्या प्राग परिषदेने शरीराच्या जोडीला बुद्धीलाही विश्रांती सांगितली आणि 2008 मध्ये झुरिकला, लक्षणे जाईपर्यंत विश्रांती हा उपचाराचा पायाच ठरला. मैदानासाठी घेतलेली खबरदारी अशी घरात शिरली. पडदे ओढलेली खोली, शाळा बंद, पुस्तक बंद, मोबाइल बंद. हे सारे तज्ज्ञांच्या एकमतावर उभे होते. प्रयोगाचा आधार तुटपुंजा होता.

कडक विश्रांतीचा खरेच फायदा होतो का, हे पाहणारा प्रयोग अमेरिकेतील मिलवॉकी येथे झाला. 11 ते 22 वयोगटातील रुग्णांपैकी काहींना पाच दिवस कडक विश्रांती, तर बाकीच्यांना एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू कामाला सुरुवात, असा सल्ला दिला गेला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कडक विश्रांतीवाल्यांच्याच तक्रारी जास्त निघाल्या.

बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर तर रुग्णांना ट्रेडमिलवर चालवत होते. वेग तोच ठेवून चढ दर मिनिटाला थोडा वाढवायचा, लक्षणे बळावली की थांबायचे आणि त्या क्षणीचे नाडीचे ठोके टिपायचे. रोजचा व्यायाम त्या ठोक्यांच्या 80 टक्के मर्यादेत. 2019 मध्ये लेडी आणि सहकाऱ्यांनी 103 किशोरवयीन खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात व्यायाम करणाऱ्यांना बरे व्हायला साधारण 13 दिवस लागले, फक्त स्नायू ताणण्याचे हलके प्रकार करणाऱ्यांना 17. फरक डोळे दिपवणारा नाही, पण पडून राहण्याचा आग्रह मोडायला पुरेसा होता.

2022 च्या अॅमस्टरडॅम परिषदेने हे मान्य केले. आता पहिले 24 ते 48 तास घरातली हलकी कामे आणि चालणे चालते. स्क्रीन तेवढी कमी. पुढे काम वाढवताना त्रास दहापैकी दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात ओसरला, तर तो चालवून घेतला जातो. त्याहून वाढला तर त्या दिवसापुरते थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा डोक्याला मार बसू शकेल असा सराव मात्र लक्षणे पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच.