संगणकसमूहातील नोंदींचा मागोवा

जहाजाचा वेग मोजण्यासाठी पूर्वी दोरीला बांधलेला लाकडी ओंडका समुद्रात सोडत असत. ओंडक्याला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. त्यावरून जहाजाच्या दैनंदिन नोंदवहीला ‘लॉगबुक’ हे नाव पडले आणि पुढे तोच शब्द संगणकशास्त्रात रूढ झाला. यंत्र केव्हा सुरू झाले, त्यात कोणी प्रवेश केला, कोणते काम फसले, हे सारे संगणक आपल्या ‘लॉग फाइल’मध्ये लिहून ठेवतो. संगणक एकच असेल, तर ही फाइल उघडून वाचणे सोपे असते. शेकडो संगणक एकत्र राबू लागले, की खरी अडचण सुरू होते.

अशा जोडलेल्या संगणकांना ‘क्लस्टर’ म्हणजे संगणकसमूह म्हणतात. १९९४ मध्ये ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारला आणि महागड्या महासंगणकांना स्वस्त पर्याय मिळाला. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा क्रमांक मिळवणारा पुण्यातील ‘एका’ हा महासंगणकही याच पद्धतीचा होता. समूहातील एखादे काम मध्येच थांबले, तर दोष नेमका कोणत्या यंत्रात आहे, हे त्या त्या यंत्रातील नोंदींवरूनच कळते.

या नोंदी मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे मध्यवर्ती संगणकावरून प्रत्येक यंत्रात प्रवेश करून फाइल ओढून आणणे. फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या ‘एसएसएच’मुळे ही देवाणघेवाण सांकेतिक रूपात, सुरक्षितपणे होते. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांची १९९६ मधील ‘आरसिंक’ ही आज्ञावली आधीच्या प्रतीशी तुलना करून केवळ बदललेला भाग पाठवते. रोज वाढणाऱ्या नोंदींसाठी ती सोयीची ठरते.

मात्र या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. नोंदींची सर्वाधिक गरज यंत्र बंद पडल्यावर भासते आणि बंद पडलेल्या यंत्रात तर प्रवेशच मिळत नाही. शिवाय डिस्क भरू नये म्हणून जुन्या नोंदी ठरावीक काळाने आपोआप पुसल्या जातात. ‘हडूप’च्या ‘यार्न’ व्यवस्थेत नोंदी एकत्र गोळा करण्याची सोय मुद्दाम सुरू केलेली नसेल, तर काम संपल्यावर त्या एरवी अवघे तीन तास यंत्रावर राहतात. रात्री फसलेल्या कामाचे कारण सकाळी शोधू पाहणाऱ्याच्या हाती मग काहीच लागत नाही.

यावर उपाय म्हणजे नोंद होताक्षणीच ती दुसऱ्या संगणकाकडे पाठवणे. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात ‘सेंडमेल’साठी रचलेल्या ‘सिसलॉग’ने ही वाट घालून दिली. त्याची जुनी पद्धत ‘यूडीपी’ या मार्गाने चालते. पोचपावतीविना टाकलेल्या पत्राप्रमाणे वाटेत हरवलेली नोंद हरवली, हेही कळत नाही. त्यामुळे महत्त्वाच्या नोंदींसाठी पोच देणारा ‘टीसीपी’ हा मार्ग पत्करतात.

दुसरा प्रश्न घड्याळांचा. अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र लावताना घड्याळांत काही सेकंदांचा फरक असला, तरी कारण व परिणाम यांचा क्रम उलटा दिसू शकतो. म्हणून ‘एनटीपी’च्या साहाय्याने सर्व घड्याळे जुळवून ठेवतात. जुन्या सिसलॉग नोंदीत वर्ष वा कालविभाग नसे. २००९ च्या नव्या मानकाने ही त्रुटी दूर केली.

नोंदींचे मोल केवळ दुरुस्तीपुरते नाही. घुसखोर यंत्राचा ताबा मिळवल्यावर तेथील नोंदी पुसून आपला माग मिटवू शकतो. अन्यत्र पोचलेली प्रत पुसणे मात्र त्याला कठीण जाते. भारतात ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्या व शासकीय संस्थांना १८० दिवसांच्या नोंदी जपण्यास व घड्याळे जुळवून ठेवण्यास सांगितले. बँक व्यवहारापासून तिकीट आरक्षणापर्यंत अनेक सेवा आज संगणकसमूहांवर चालतात. त्यांपैकी एखादी ठप्प झाल्यावर कारण सापडेल की नाही, हे बऱ्याच अंशी यंत्र बंद पडण्यापूर्वी नोंदी बाहेर पोचल्या होत्या की नाही, यावर अवलंबून असते.