फुटक्या खापरांची वर्गणी

गावच्या छोट्या संग्रहालयाचं छप्पर गळू लागलं, म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही तीन म्हातारे पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरलो. देवळाच्या कळसाला सढळ हातानं देणारे एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, फुटक्या खापरांसाठी कसली वर्गणी?"

मी त्यांना तेरची गोष्ट सांगितली. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं हे गाव आपल्याला गोरोबाकाकांमुळे ठाऊक. पण प्राचीन तगर नगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे. पैठणहून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर मोठं शहर, तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. पुढे ते वैभव मातीत गेलं. पावसानं माती धुपली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचल्या, जपल्या. तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्या संग्रहातून उभं राहिलं, त्याला नावही त्यांचंच आहे.

इमारत पुन्हा बांधता येते हो, पण उकिरड्यावर गेलेली वस्तू परत येत नाही. लामतुऱ्यांनी ती खापरं फेकली असती, तर तगर फक्त ग्रीकांच्या पोथीत उरलं असतं.

गृहस्थांनी १०१ रुपयांची पावती फाडली. दुसऱ्या दिवशी आजोबांची धान्य मोजायची अधोली घेऊन आले. "हिला जागा होईल का?"

म्हटलं, जागा आहे. छप्पर मात्र अजून अर्धंच झालंय.