पटवाऱ्याचं दफ्तर आणि सातबारा

बल्लारपूर म्हटलं की आपल्याला पेपर मिल आठवते. आज बोलायचं आहे ते मात्र एका वेगळ्याच कागदाबद्दल, सातबाऱ्याबद्दल.

१९५६ पर्यंत चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. आजची गडचिरोली त्यातच. १९५१ साली मालगुजारी गेली, पण गावची जमीन राहिली ती पटवाऱ्याच्या दफ्तरातच. नक्कल हवी, तर आधी पटवारी गाठायचा. तो दुसऱ्या गावी गेलेला असला, की पुन्हा तीच पायपीट!

१ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरले, की सहीसाठी तलाठ्याची वाट पाहणे नको. त्याआधी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदती घातल्या. मुदत टळली, तर अपील करता येते. माझ्या मते खरी क्रांती हीच. संगणक तिचा हस्तक.

पण यंत्र भरलं तेवढंच दाखवतं. हाताने लिहिलेला उतारा संगणकात भरताना नाव किंवा क्षेत्र चुकलं, तर चूकही स्वाक्षरीसकट छापून येते. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करा, तहसील गाठा.

आणि ज्याच्या नावे जमीनच नाही त्याचं काय? सरपण कुठून आणायचं, गुरं कुठं चारायची, हा विदर्भातला जुना हक्क निस्तारपत्रकात लिहिलेला असतो. सातबाऱ्यात तो शोधून सापडत नाही.