शारदा कायदा आणि आपली वेस

आपल्या भागातील जुन्या मंडळींच्या बोलण्यात ‘शारदा कायदा’ असा उल्लेख येत असे. वस्तुतः १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते अजमेरचे हरविलास सारडा. पण मराठी कानाला सारडा परके आणि शारदा घरची. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले आणि पंचाहत्तरीचा भुजंगनाथ व पैशासाठी पोटची मुलगी त्याला देऊ पाहणारा कांचनभट घरोघरी माहीत झाले. देवल हे बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी. किर्लोस्कर तर गुर्लहोसूरचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. तेव्हा नावाची ही सरमिसळ आपल्याला तरी शोभून दिसते.

नाटकातले ते लग्न मोडते ते मुलीच्या वयावरून नव्हे, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून. देवलांपुढे दुसरा आधारच नव्हता. म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्येच आठ वर्षांखालील मुलीचे लग्न आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी केलेले लग्न गुन्हा ठरविले होते. पण बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते.

जुन्या पद्धतीत लग्न दोनदा होई. अंतरपाट, मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी हा पहिला विधी मुलगी आठ-दहा वर्षांची असतानाच उरकला जाई. न्हाण आल्यावर मखरात बसवणे, ओटी भरणे आणि मग फलशोभन, हा दुसरा. मधल्या काळात मुलगी माहेरी असे, म्हणून त्यात काही वावगे नव्हते, असे समर्थन आजही ऐकू येते. ते मला पटत नाही. मधल्या काळात नवरा दगावला, तर पांढरपेशा घरातील मुलगी सासरचा उंबरा न ओलांडताच विधवा होई. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने केवळ दुसऱ्या टप्प्याला बारा वर्षांची मर्यादा घातली. पहिल्या टप्प्याला हात घातला तो सारडांनी.

त्यांच्या कायद्याने मुलीला चौदा व मुलाला अठरा ही वये ठरविली. तो मंजूर झाला १९२९ च्या सप्टेंबरात आणि अमलात आला १ एप्रिल १९३० रोजी. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची घाई उडाली. १९३१ च्या शिरगणतीत पंधरा वर्षांखालील विवाहितांची संख्या दहा वर्षांपूर्वीच्या सुमारे ८५ लाखांवरून १ कोटी २० लाखांच्या वर गेलेली आढळली. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे मला या कायद्यातील पळवाटाच आधी दिसतात. पोलिसांना आपणहून कारवाई करता येत नसे, फिर्याद वर्षाच्या आत करावी लागे, फिर्यादीकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागता येई. मुख्य म्हणजे झालेले लग्न वैधच राही. शेजाऱ्याशी वैर पत्करून पदरचे शंभर रुपये अडकवणारा फिर्यादी कोणत्या गावात सापडणार होता?

शिवाय हद्दीचा प्रश्न होताच. कायदा ब्रिटिश मुलखापुरता. बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात, निपाणीशेजारचे कागल कोल्हापुरात, आणि घाटाखाली पोर्तुगीज गोवा. देशात अनेक ठिकाणी लोक हद्दीपलीकडे जाऊन लग्ने लावू लागले, तेव्हा १९३८ मध्ये दुरुस्ती करून ब्रिटिश प्रजाजन कोठेही असले तरी कायदा त्यांना लागू केला गेला.

मुलीचे वय १९४९ मध्ये पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. २००६ च्या केंद्रीय कायद्यानेही बालविवाह आपोआप रद्द होत नाही. लहानपणी लग्न झालेल्या व्यक्तीने न्यायालयात अर्ज करावा लागतो. कर्नाटकाने मात्र २०१६ च्या दुरुस्तीने असा विवाह मुळातच रद्दबातल ठरविला. त्यामुळे अल्पवयीन मुलीचे जे लग्न निपाणीत लागले तर लग्नच नव्हे, तेच कागलात लागले तर न्यायालयाने रद्द करेपर्यंत लग्न ठरते.